भटक्यांचा रहिवासी दाखला

शेखर बोरस्ते यांनी वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी भटकं व्हायचं ठरवलं आणि सगळ्यात आधी ते सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाहीर केलं. भटकायला निघणाऱ्याने तसं आधी कुणाला सांगू नये, असा काही कायदा नाही. असता तर पुढचं सगळं टळलं असतं, आणि ही हकिकत सांगायची आमची संधीही गेली असती.

मजकूर त्यांनी दोन दिवस घासूनपुसून तयार केला होता. ‘कळविण्यास आनंद होतो की, मी व सौ. संध्या दि. २७ सप्टेंबरपासून डिजिटल भटके होत आहोत. लोभ असावा.’ खाली एक लॅपटॉप, एक नारळाचं झाड आणि एक लाट. पाच मिनिटांत सतरा अंगठे आले, नऊ फुलं आली, आणि तीनशे एकमधून विचारणा आली, “मग दूधवाल्याची तुमची सकाळची वेळ आम्हाला मिळेल का?”

‘डिजिटल भटका’ म्हणजे काय, हे बोरस्त्यांनी लिफ्टमध्ये, पार्किंगमध्ये आणि भाजीच्या गाडीपाशी मिळून कमीत कमी चाळीस वेळा समजावून सांगितलं. माणूस एका देशातल्या कंपनीचं काम करतो, राहतो दुसऱ्याच देशात, आणि असतो तिसऱ्याच देशाचा. त्याचं ऑफिस म्हणजे मांडी. बोरस्ते अंबडच्या एका कारखान्यातून स्वेच्छानिवृत्ती घेतल्यापासून पोर्तुगालच्या एका कंपनीसाठी यंत्रांची ड्रॉइंग तपासत. बाटल्यांना बूच बसवणारी यंत्रं. नाशिकला द्राक्षं पिकतात, वाइन होते, बाटल्या भरतात, हे जगाला माहीत आहे. पण दूरदेशीच्या बाटलीचं बूच नीट बसेल की नाही हे पाथर्डी फाट्यावरच्या एका बेडरूममध्ये ठरतं, हे फार थोड्यांना ठाऊक होतं. त्या थोड्यांची संख्या वाढवायचं काम बोरस्ते स्वतःच करत.

आता कंपनी म्हणाली होती, कुठूनही काम करा. मलेशियाने अशा लोकांसाठी खास परवाना काढलेला. त्याच्यावर सरळ ‘नोमॅड’ असंच छापलेलं. पेनांग नावाच्या बेटावर समुद्राकडे तोंड केलेली खोली ठरली. तिकिटं निघाली. बोरस्ते बर्म्युडा घालून जिना उतरू लागले.

या सगळ्यात संध्याताई फारसं बोलत नव्हत्या. त्यांच्याजवळ एक पासपोर्ट होता. तो दोनदा नवा करून घेतला होता आणि तिन्ही पुस्तिकांत मिळून एकही शिक्का नव्हता. दर वेळी काहीतरी निघायचं. कधी सायखेड्याला दिरांच्या विहिरीचं काम, कधी कारखान्याचं ऑडिट. दर वेळी बोरस्ते म्हणायचे, “पुढच्या वर्षी नक्की.” संध्याताई पासपोर्ट काढायच्या, कोरी पानं बघायच्या आणि साड्यांच्या घडीखाली परत ठेवून द्यायच्या. या वेळी त्यांनी तो साड्यांच्या वर ठेवला होता. बोरस्त्यांनी ते पाहिलं होतं.

तर ऑगस्टच्या शेवटी पोर्तुगालहून मेल आली. कंपनीच्या हिशेबनीस बाईंनी फार अदबीने लिहिलं होतं की, आपण परदेशी आहात, तेव्हा आपल्या देशाच्या करखात्याचा रहिवासाचा दाखला तीस सप्टेंबरपर्यंत पाठवावा. अन्यथा आमच्या कायद्याप्रमाणे आपल्या मोबदल्याचा पाव हिस्सा आम्हाला इथेच कापून ठेवावा लागेल, आणि त्याबद्दल आम्हाला अत्यंत वाईट वाटेल.

पाव हिस्सा गेला तर उरलेल्यात पेनांग बसत नव्हतं. पेनांगचं सोडा, खोलीची समुद्राकडची खिडकीसुद्धा बसत नव्हती.

“म्हणजे परत पुढच्या वर्षी?” संध्याताईंनी विचारलं. आवाज अगदी साधा होता. साध्या आवाजाला बोरस्ते फार घाबरत.

“छे गं! रहिवासी दाखला तर हवाय. सेतूत मिळतो. रेशनकार्ड, लाइट बिल, एक फोटो. चार दिवसांचं काम!”

मेलमधला ‘करखात्याचा’ हा शब्द बोरस्त्यांनी वाचलाच नव्हता असं नाही. वाचला होता. पण ‘दाखला’ म्हटल्यावर मराठी माणसाचे पाय आपोआप सेतूकडे वळतात, मेंदू मागून येतो.

सेतू केंद्रात ललिता मॅडम म्हणून एक हुशार बाई होत्या. सकाळपासून त्यांनी उत्पन्नाचे तीस आणि नॉन क्रीमीलेयरचे बारा अर्ज भरले होते. बोरस्ते खिडकीशी आले ते बर्म्युडावर.

“कोणता दाखला?”

“रहिवासी.”

“कारण?”

इथे ‘वैयक्तिक कामासाठी’ असं म्हटलं असतं तर काम झालं होतं. पण बोरस्त्यांच्या अंगात उत्साह मावत नव्हता. ते मागच्या रांगेलाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “त्याचं असं आहे मॅडम, आम्ही भटके आहोत!”

ललिता मॅडमची बोटं कळफलकावर थांबली. त्यांनी अर्जावरचं आडनाव वाचलं, बोरस्त्यांकडे बघितलं, परत आडनाव वाचलं.

“बोरस्ते आणि भटके?”

“डिजिटल.”

“ते कळलं. पण काका, मला एक सांगा. भटके आहात तर रहिवासी कसे? आणि रहिवासी आहात तर भटके कसे? एकाच माणसाला दोन्ही मिळत नाही.”

“अहो, भटकायला जायचंय म्हणूनच रहिवासी असल्याचं लागतं!”

ललिता मॅडमनी कळफलक बाजूला सारला. मग हसल्या. “तुम्हाला गंमत वाटेल. माझे आजोबा नंदीबैल घेऊन घोटीपासून मालेगावपर्यंत फिरायचे. एका गावात तिसरी रात्र काढली की गावकरी उठवायचे. आम्ही खरे भटके. आणि आम्हाला भटक्या जमातीचा दाखला काढायचा तर म्हणतात, एकसष्ट सालाच्या आधी तुम्ही इथे राहत होता त्याचा पुरावा आणा. आजोबांनी नंदीबैलाच्या नावावर लाइट बिल घ्यायला हवं होतं.”

रांगेतले लोक हसले. बोरस्तेही हसले, पण बर्म्युडा थोडी खाली ओढून.

“बसा,” ललिता मॅडम म्हणाल्या, “तुमचा अर्ज भरते. कारणात ‘परदेश प्रवास’ टाकते. सोसायटीच्या चेअरमनचं पत्र मात्र आणा. सध्या तिथे राहता म्हणून.”

बोरस्ते पत्र आणायला निघाले. पण त्यांच्याआधी दुसरीच बातमी सोसायटीत पोचली होती. रांगेत मागे तळमजल्यावरच्या लताबाई उभ्या होत्या. त्यांनी ‘भटके’ ऐकलं, ‘डिजिटल’ ऐकलं, ‘दाखला’ ऐकला, आणि बाकीचं स्वतःच्या बुद्धीने भरून काढलं. तासाभरात ग्रुपवर मेसेज फिरला, ‘डिजिटल भटके या नवीन प्रवर्गाचे दाखले सुरू. आपल्या सोसायटीतून बोरस्ते काकांचा पहिला अर्ज. अभिनंदन!!’

त्यानंतर बोरस्त्यांच्या घराची बेल थांबेना. एक जण विचारत होता, उत्पन्नाची अट आहे का. दुसऱ्याला घरून काम करणारी सून चालेल का, हे हवं होतं. तिसऱ्यांनी तर मुलीची जन्मपत्रिकाच आणली होती. तिच्यात परदेशगमनाचा योग होता, तो पुरावा म्हणून धरतील का? बोरस्ते प्रत्येकाला नाही म्हणत होते, आणि जितकं नाही म्हणत होते तितका लोकांचा विश्वास बसत होता. ज्याला एखादी सवलत मिळते तो माणूस ती दुसऱ्यापासून लपवतो, हा सोसायटीचा अनुभव होता.

संध्याकाळी सायखेड्याहून थोरल्या भावाचा, सावळीरामदादांचा फोन आला.

“शेखर, लय मोठा झाला रे. सख्ख्या भावाला सांगितलं बी नाय.”

“दादा, तसं काही नाहीये—”

“आसू दे, आसू दे. मी राग धरीत नाय. फकस्त येवढं सांग, आपल्या संतोषचं बसतं का त्यात? दिसभर मोबाईलमधीच भटकत ऱ्हातो. जेवायला हाक मारली तर वळख देत नाय. त्याच्याएवढा डिजिटल भटका पंचक्रोशीत नाय घावणार.”

संध्याताई स्वयंपाकघरात तोंडाला पदर लावून हसत होत्या. बोरस्त्यांनी ते पाहिलं आणि त्यांच्या मानी मनाला पहिला ओरखडा उठला.

दुसरा ओरखडा चेअरमननी काढला. रावजी पिंगळे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले होते. खात्यातून ते बाहेर आले होते, खातं त्यांच्यातून बाहेर आलं नव्हतं. बोरस्त्यांनी आठच दिवसांपूर्वी त्यांना अर्ज दिला होता की, आमचा फ्लॅट बंद राहणार आहे, कृपया नोंद घ्यावी. पिंगळ्यांनी नोंद घेतली होती. घेऊन ती टाईप करून, शिक्का मारून, जिन्याखालच्या फलकावर लावली होती. ‘सदनिका क्र. ४०२ मधील श्री. बोरस्ते हे येथे राहत नाहीत.’

“रावजी, मला पत्र हवंय. मी इथे राहतो म्हणून.”

पिंगळ्यांनी चष्मा पुसला. “शेखरराव, मी मागच्या आठवड्यात लिहिलंय की तुम्ही राहत नाही. आता राहता म्हणून लिहू? माझ्या सहीला काही किंमत आहे की नाही?”

“अहो, पण मी तुमच्यासमोर उभा आहे!”

“दिसताय. पण दिसणं वेगळं आणि रेकॉर्ड वेगळं.”

“मी चहा पितोय तुमच्या घरी!”

“पाहुणा म्हणूनही पिता येतो.”

तासभर खल झाला. शेवटी पिंगळ्यांनी पत्र दिलं. इतकं जपून लिहिलेलं पत्र पाटबंधारे खात्यातही कधी निघालं नसेल. ‘श्री. शेखर बोरस्ते हे सदर सोसायटीत राहतात, असे ते स्वतः सांगतात. त्यांचे सांगणे खोटे आहे, असे मानण्यास तूर्त कारण नाही.’

ललिता मॅडमनी ते पत्र दोनदा वाचलं, शेजारच्या खिडकीतल्या बाईंना वाचायला दिलं आणि अर्जाला जोडलं. पुढे तलाठ्यांनी दोन साक्षीदार मागितले. साक्षीदार म्हणून समोरच्या फ्लॅटमधला मयूर कातकाडे आला, आणि ‘आमच्या संतोषचंबी बघून घेतो’ म्हणत सावळीरामदादा सायखेड्याहून सकाळच्या एसटीने आले. “राहतो ना हा हितंच?” तलाठ्यांनी विचारलं. दादांनी मान डोलावली. “हितंच ऱ्हातो साहेब. गावाकडं तर वर्षात दोनदाबी नाय येत.” साक्ष भक्कम होती; फक्त ती साक्ष होती की तक्रार, ते बोरस्त्यांना कळेना.

नवव्या दिवशी दाखला हातात पडला. तीन सिंहांचा छाप, तहसीलदारांची डिजिटल सही, चौकोनी कोड. बोरस्त्यांनी त्याचा फोटो काढला, स्कॅन काढला, आणि दिमाखात पोर्तुगालला पाठवला. संध्याताईंनी त्या दिवशी शेवयांची खीर केली आणि माळ्यावरून बॅगा काढल्या.

उत्तर दुसऱ्या दिवशीच आलं. हिशेबनीस बाईंनी लिहिलं होतं, ‘कागद अतिशय सुंदर आहे. लिपी तर एखाद्या दोरीवर कपडे वाळत घातल्यासारखी मोहक आहे. कृपया भाषांतर पाठवावे.’

बोरस्त्यांनी भाषांतर करून घेतलं, त्याच्यावर नोटरीचा लाल शिक्का घेतला. आपण मौजे पाथर्डी, तालुका व जिल्हा नाशिक, येथे मागील पंधरा वर्षांपासून राहतो, हे इंग्रजीत वाचताना त्यांना स्वतःबद्दल एक वेगळाच आदर वाटला. ते पाठवलं. उत्तर आलं, ‘आभारी आहोत. आपण पाथर्डीत राहता याबद्दल आता आमच्या मनात शंका उरलेली नाही. परंतु दुहेरी कर टाळण्याचा पोर्तुगालचा करार भारताशी आहे, पाथर्डीशी नाही.’

बोरस्ते ते वाक्य बराच वेळ बघत बसले. मग त्यांनी ‘करखात्याचा’ हा शब्द पहिल्या मेलमध्ये शोधून काढला. तो तिथे होता. पहिल्यापासूनच होता.

मयूर कातकाडे विमा विकायचा. विमा विकणाऱ्याला मृत्यू सोडून बाकी सगळ्या विषयांतलं कळतं, आणि मृत्यूतलं तर कळतंच. तो सोफ्यावर मांडी घालून बसला.

“काका, तुम्ही उगाच रहिवासी व्हायच्या मागे लागलात. उलटं करा. अनिवासी व्हा! सहा महिने बाहेर म्हणजे इथे तुम्ही नाही. तिकडे तुम्ही पाहुणे, म्हणजे तिकडेही नाही. पोर्तुगालात तर पायच ठेवलेला नाही. कर मागायला येणार कोण, आणि कुठे?”

“म्हणजे मी कुठलाच नाही?”

“एक्झॅक्टली! हवेत!”

कल्पना रोमांचकारी होती. तीन तीन सरकारं आपल्याला शोधत फिरताहेत आणि आपण नारळाखाली बसून बूच तपासतोय, हे चित्र बोरस्त्यांना इतकं आवडलं की करखात्याच्या पोर्टलवर जाऊन, जिथे ‘निवासी’ आणि ‘अनिवासी’ अशी दोन वर्तुळं होती तिथे, त्यांनी ‘अनिवासी’वर टिचकी मारली. मग त्याच उत्साहात त्याच पोर्टलवर रहिवासाच्या दाखल्याचाही अर्ज केला. हवेत राहायचं आणि दाखलाही घ्यायचा, यात काही विसंगती आहे हे त्यांच्या लक्षात आलं नाही. मयूरच्याही आलं नाही.

करखात्याच्या मात्र आलं. बारा सप्टेंबरला बोलावणं आलं. बोरस्त्यांनी फुलपँट घातली. संध्याताई म्हणाल्या, “मीही येते.”

“तू कशाला? कंटाळशील.”

“कंटाळायची सवय आहे मला,” त्या म्हणाल्या आणि चप्पल घातली.

अधिकारी होत्या प्रतिभा मॅडम. टेबलावर फायलींचे दोन गठ्ठे आणि मध्ये एक डबी, तिच्यात बडीशेप. त्यांनी पडद्यावर बघितलं, मग बोरस्त्यांकडे.

“तुम्ही लिहिलंय, तुम्ही भारताचे रहिवासी नाही.”

“हो.”

“आणि भारताचे रहिवासी असल्याचा दाखला मागताय.”

“हो… म्हणजे तसं ते…”

“हे कुणी सांगितलं करायला?”

बोरस्त्यांनी मयूरचं नाव घेतलं नाही. शेजारधर्म म्हणून नव्हे, लाज वाटली म्हणून. मग त्यांनी जे काही होतं ते पहिल्यापासून सांगितलं. पोर्तुगालचं बूच, पेनांगची खोली, ललिता मॅडम, पिंगळ्यांचं पत्र, सगळं. पिंगळ्यांचं पत्र प्रतिभा मॅडमनी मागून घेऊन वाचलं आणि चेहरा न हलवता बडीशेपेची डबी पुढे केली. करखात्यात कुणी काही पुढे केल्याचा बोरस्त्यांच्या आयुष्यातला हा पहिलाच प्रसंग.

“ते अनिवासी आधी दुरुस्त करून देते,” त्या म्हणाल्या. “आता नीट ऐका. हवेत कुणी राहत नसतं. माणूस कुठल्या ना कुठल्या देशाचा असतोच. तुम्ही आमचे असाल तर जगात कुठेही कमावलेलं इथे दाखवायचं, इथे कर भरायचा. मग आम्ही लिहून देऊ की हा माणूस आमचा आहे, आणि ते तिकडे कापणार नाहीत. कबूल?”

“कबूल!” बोरस्ते एवढ्या जोरात म्हणाले की शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांनी दचकून फाईल बंद केली.

“पण आमचे आहात का, ते दिवसांवर ठरतं. कामासाठी बाहेर निघालाय ना? मग एक एप्रिलपासून मोजायचं. एकशे ब्याऐंशी दिवस भारतात हवेत. कधी जाताय?”

“सत्तावीस सप्टेंबर.”

प्रतिभा मॅडमनी कॅल्क्युलेटरला हात लावला नाही. बोटांच्या पेरांवर मोजलं. “एप्रिलचे तीस. मे एकतीस. जून, जुलै, ऑगस्ट… एकशे त्रेपन्न. वर सत्तावीस.” त्या थांबल्या. “एकशे ऐंशी.”

“म्हणजे?”

“दोन दिवस कमी पडतात.”

बोरस्त्यांना आधी वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. मग त्यांच्या आत काहीतरी उसळलं. “मॅडम, पंचावन्न वर्षं! पंचावन्न वर्षं मी या देशाबाहेर पाऊल टाकलेलं नाही. नेपाळ नाही, भूतान नाही. हनिमूनला आम्ही सापुताऱ्याला गेलो, तेवढंच काय ते राज्याबाहेर. बाकी पंचावन्न गुणिले तीनशे पासष्ट दिवस सलग इथे! त्यातले दोन इकडे वळवता येत नाहीत?”

“मागच्या वर्षांचे दिवस या वर्षी चालत नाहीत,” प्रतिभा मॅडम म्हणाल्या. “नाहीतर सगळ्यांनीच साठवून ठेवले असते.”

त्यांनी मार्गही सांगितला. एकोणतीस तारखेला निघा. निघायचा दिवस धरला जातो. त्या दिवशी सकाळी येऊन तोंड दाखवा, दाखला दुपारपर्यंत मेलवर येईल. “त्यानंतर मार्चअखेरपर्यंत चंद्रावर राहिलात तरी तुम्ही आमचेच. मलेशियावाले किती दिवसांनी तुम्हाला आपलं म्हणतात, ते त्यांना विचारा. तिथली मी नाही.”

ऑफिसच्या पायऱ्यांवर बसूनच बोरस्त्यांनी विमान कंपनीला फोन लावला. वीस मिनिटं संगीत ऐकल्यावर कळलं की एकोणतीसच्या विमानात एकच जागा आहे. एकच. नंतरच्या विमानात दोन मिळतील, पण ते पंधरा दिवसांनी, आणि पेनांगची खोली तोवर दुसऱ्याला जाईल, कारण घरमालकिणीने बजावलं होतं की अठ्ठावीसला किल्ली घ्यायला कुणी आलं नाही तर ठरलेलं रद्द.

बोरस्त्यांनी फोन खाली ठेवला. रिक्षावाले ओरडत होते, रसवंतीचं घुंगरू वाजत होतं. त्यांनी घसा साफ केला.

“संध्या, मी काय म्हणतो… आपण असं करू…”

ते वाक्य कुठे जाणार हे त्या दोघांनाही माहीत होतं. तीस वर्षांत ते वाक्य त्या एकाच ठिकाणी गेलं होतं.

संध्याताई रस्त्याकडे बघत म्हणाल्या, “माझे किती भरतात?”

“काय?”

“दिवस. तुमचे दोन कमी पडले. माझे किती पडतात?”

“तुझे कोण मोजणार? तुला कुठे उत्पन्न आहे? तुझे दिवस सरकार मोजतच नाही.”

बोलून गेल्यावर बोरस्त्यांना कळलं की आपण काहीतरी फार खरं बोललो. संध्याताईंनी पर्सची चेन उघडली, आतला पासपोर्ट चाचपला, चेन लावली. तो त्या सोबत घेऊन आल्या होत्या. बारा सप्टेंबरला, आयकराच्या ऑफिसात.

“मोजत नाहीत ना?” त्या म्हणाल्या. “मग मी सत्तावीसलाच जाते.”

“एकटी?”

“किल्ली घ्यायला दोन माणसं लागतात का?”

“अगं, पण तुला इंग्रजी… विमानतळ… तिथे कुणी ओळखीचं…”

“अहो, ललिता मॅडमचे आजोबा नंदीबैल घेऊन फिरायचे. माझ्याकडे चाकांची बॅग आहे.”

आणि खरंच गेल्या. सत्तावीसला पहाटे टॅक्सी आली तेव्हा सोसायटी खाली जमली होती. पिंगळ्यांनी विचारलं, “म्हणजे फलकावर आता नक्की काय लिहू?” लताबाईंनी ओटी भरली. मयूरने प्रवासी विम्याचं पत्रक खिडकीतून आत सारलं. संध्याताईंनी बोरस्त्यांना फक्त एवढंच सांगितलं, “कुकरची शिट्टी सैल आहे. आणि देशाबाहेर जाऊ नका.”

पुढचे दोन दिवस बोरस्ते भारतात राहिले. नुसतं राहणं किती अवघड असतं हे त्यांना तेव्हा कळलं. एरवी माणूस राहताना चार कामं करत असतो, त्यामुळे राहिल्याचं जाणवत नाही. इथे राहणं हेच काम होतं. ते खुर्चीवर बसून राहिले, गॅलरीत उभे राहून राहिले, वरणभात करपवून राहिले. दूधवाला सकाळी आलाच नाही. तो तीनशे एकला जाऊ लागला होता. सावळीरामदादांनी फोन केला, “बायको फॉरेनला आन तू घरी? आमच्याकडं असं कंदी झालं नाय. पन बरं झालं.” कुणासाठी बरं, ते त्यांनी सांगितलं नाही.

अठ्ठावीसला दुपारी पेनांगहून फोटो येऊ लागले. आधी पासपोर्टच्या पानाचा, त्यावर निळा शिक्का, जरा तिरका. मग किल्लीचा. मग खिडकीचा. मग समुद्राचा, मग पुन्हा समुद्राचा, जरा डावीकडून. मग एका दुकानाच्या पाटीसमोर उभ्या असलेल्या संध्याताई, पंजाबी ड्रेस, गॉगल. हा गॉगल कधी घेतला, हे बोरस्त्यांना आठवेना. ते फोटो ते पुनःपुन्हा मोठे करून बघत होते, आणि आपल्या छातीत एवढं का धडधडतंय हे त्यांना कळत नव्हतं. लग्न ठरल्यावर सायखेड्याच्या पोस्टात पत्राची वाट बघताना असं व्हायचं. त्याला आता एकतीस वर्षं झाली होती.

एकोणतीसला साडेदहाला त्यांनी करखात्यात जाऊन तोंड दाखवलं. प्रतिभा मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. “आहात ना? ठीक.” एवढाच कार्यक्रम. अकराला टॅक्सी मुंबईकडे निघाली. संध्याकाळी विमान. बोरस्ते मागच्या सीटवर मोबाईल हातात धरून बसले. पाथर्डी फाटा गेला, विल्होळी गेलं, भाताची हिरवी खाचरं सुरू झाली. मेल नव्हती. घोटीच्या टोलनाक्याला गाड्यांची रांग होती, आणि त्या रांगेत, एका तांदळाच्या ट्रकच्या मागे, मोबाईल थरथरला.

दाखला होता. ‘श्री. शेखर बोरस्ते हे चालू वर्षी भारताचे रहिवासी आहेत.’ ‘असे ते स्वतः सांगतात’ वगैरे काही नव्हतं. थेट. छातीठोक. बोरस्ते टॅक्सीतून खाली उतरले. टोलनाक्यावर उभ्याउभ्याच त्यांनी तो पोर्तुगालला धाडला, आणि शेजारच्या ट्रकवाल्याला उगाचच हात केला. दहा मिनिटांत हिशेबनीस बाईंचं उत्तर आलं, ‘परिपूर्ण. काही कापणार नाही. पाथर्डीला आमचा नमस्कार.’

बोरस्त्यांनी संध्याताईंना फोन लावला. पलीकडून वारा ऐकू येत होता, भांड्यांचा खणखणाट आणि चार बायकांचं मोठ्याने हसणं.

“संध्या! मिळाला! दाखला मिळाला! मी निघालोय, घोटीला आहे, उद्या सकाळी तुझ्याकडे!”

“हो का? अरे वा,” संध्याताई म्हणाल्या. “जरा थांबा हं…” मग कुणाला तरी इंग्रजीत काहीतरी सांगितलं, चक्क इंग्रजीत, आणि परत फोनवर आल्या. “काय आहे, इथे समोरच्या खोलीत त्रिचीच्या दोघी बहिणी आहेत. उद्या सकाळी टेकडीवरच्या रेल्वेने जायचं ठरलंय, परवा बोटीतून पलीकडे. सगळं तिघींचं ठरलंय.”

“मग मी?”

वारा जरा वाढला. संध्याताईंचा आवाज अगदी साधा होता.

“अहो, त्या मॅडमना एकदा विचारून बघा ना. सरकारला तुमचे अजून दोन-चार दिवस लागतायत का?”